इंद्रायणीकाठची फांदीतोड

झाड जगवून त्याची फांदी उतरवणे हे इंद्रायणीच्या खोऱ्यातले जुने कसब असून आळंदीच्या परंपरेत त्याचा धागा थेट समाधीपर्यंत जातो. समाधीजवळच्या अजानवृक्षाची मुळी ज्ञानेश्वरांच्या कंठाला लागली आणि संत एकनाथांनी आळंदीस येऊन ती दूर केली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 साली, एकनाथांनी केलेल्या ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाशी ही कथा जोडली जाते. कथेची शहानिशा इतिहासाला करता येत नाही, परंतु मुळी काढली आणि वृक्ष राखला, हा तिच्यातील तपशील लक्षात घेण्याजोगा आहे.

नदीच्या वरच्या अंगाला, मावळात, हेच कसब भातशेतीच्या कामी येत असे. तेथे राब भाजण्यासाठी, म्हणजे रोपांची जमीन पालापाचोळा व शेण पसरून जाळण्यासाठी, उन्हाळ्यापूर्वी झाडांचा टहाळ तोडला जाई आणि जाणता तोडणारा शेंडा राखून ठेवी. 1878 च्या वन कायद्यानंतर अशा तोडीवर निर्बंध आले, तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी झाल्या की मुंबई सरकारला 1885 मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला.

या कामातील खरा धोका उंचीइतकाच लाकडाच्या ताणात असतो. जड फांदी एकदम वरून तोडली तर ती आपल्या भाराने खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. म्हणून आधी खालून खाच घेतली जाते, मग थोडे पुढे सरकून वरून घाव घातला जातो आणि उरलेला खुंट शेवटी निराळा कापला जातो. फांदीला बांधलेला दोर वरच्या बेचक्यातून खाली सोडलेला असतो आणि खालचा गडी तो खोडाला वेढा देऊन धरतो, कारण नुसत्या हाताने धरलेला दोर ऐनवेळी माणसालाच ओढून नेतो. चिंच चिवट, तर गुलमोहर व शेवगा ठिसूळ. ढोलीतील पोकळी किंवा पाल्याआडचे आग्या मोहोळ ओळखण्याची नजर मात्र अनुभवानेच येते.

1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे पिंपरी-चिंचवड व चाकणच्या परिसरात कारखाने व विजेच्या तारा वाढल्या, तसे या धोक्याचे रूपही पालटले. उच्चदाबाच्या तारा बहुधा उघड्या असतात आणि ओली फांदी वीज वाहून नेते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत प्रवाह बंद असल्याची खात्री करणे हे कोयता चालवण्याआधीचे काम ठरते.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 याने वृक्षतोडीला परवानगी आवश्यक केली आणि 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या वृक्षांना विशेष संरक्षण दिले. झाडावर चढणाऱ्याचे प्रशिक्षण व सुरक्षितता यांची काळजी मात्र या कायद्याने घेतलेली नाही, आणि झाड जगवणे हाच ज्याचा हेतू, त्या कायद्यातील ही उणीव गंभीर आहे.