पायगाह घराण्याच्या हैदराबादेतील वास्तू

पायगाह हे निजामाच्या हैदराबाद राज्यातील सर्वांत बलाढ्य उमराव घराणे. मराठीतली ‘पागा’ आणि हे ‘पायगाह’ मूळचा एकच फारसी शब्द. निजामाच्या खास फौजेची जबाबदारी या घराण्याकडे होती आणि तिच्या खर्चासाठी मोठी जहागीर मिळाली होती. आपल्या मराठवाड्यातला लोहाराही त्या जहागिरीत होता. मूळ पुरुष अबुल फतेह खान तेग जंग यांना ‘शम्स-उल-उमरा’, म्हणजे उमरावांमधला सूर्य, हा किताब होता. त्यांचे पुत्र फखरुद्दीन खान यांना दुसऱ्या निजामाची मुलगी दिली होती. याच फखरुद्दीन खान यांनी युरोपातली विज्ञानाची पुस्तके उर्दूत करवून छापली.

मकबरे: चारमिनारपासून साधारण 4 किलोमीटरवर, संतोषनगर भागात घराण्याचे कबरस्तान आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेग जंग यांच्या दफनापासून ते सुरू झाले. चुना-गच्चीचे काम, संगमरवरी कबरी आणि भिंतींतल्या नाजूक जाळ्या बघत राहाव्यात अशा आहेत. इथल्या सहा मकबऱ्यांच्या दुरुस्तीसाठी 2023 मध्ये अमेरिकेच्या राजदूत निधीतून अडीच लाख डॉलर जाहीर झाले. काम आगा खान ट्रस्ट फॉर कल्चरकडे आले.

फलकनुमा: फलक म्हणजे आकाश, नुमा म्हणजे दाखवणारा. सर विकार-उल-उमरा यांनी 1884 मध्ये टेकडीवर या महालाचा पाया घातला. खर्च एवढा झाला की पुढे महाल सहाव्या निजामाकडे, महबूब अली खान यांच्याकडे गेला. जेवणाच्या मेजावर एका वेळी 101 माणसे बसतात. 2010 पासून इथे ताज समूहाचे हॉटेल आहे.

स्पॅनिश मशीद: बेगमपेठेतली ही मशीदही विकार-उल-उमरा यांचीच. स्पेनमधली कॉर्डोबाची मशीद पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. 1902 मध्ये त्यांचा इंतकाल झाला. बांधकाम 1906 मध्ये पुरे झाले. नेहमीच्या घुमटाऐवजी टोकदार मनोरे असल्याने नवख्या माणसाला ती चर्चच वाटते. नमाज आजही होते. जवळचाच पायगाह पॅलेस 2023 पर्यंत अमेरिकेच्या वकिलातीकडे होता.

देवड्या आणि बागा: हुसेनी आलममधली खुर्शीद जाह देवडी कित्येक वर्षे पडझड सोसत उभी राहिली. आस्मान जाह यांचा बशीरबाग महाल तर पाडलाच गेला. नाव तेवढे वस्तीला उरले.

या सगळ्या इमारती एकाच घराण्याच्या. मग एक चकचकीत, दुसरी पडकी, तिसरी गायब, असे का? एक कारण असे. जिथे रोज माणसांची ये-जा राहिली, तिथे छप्पर गळले की कुणीतरी बघितले. जिथे कुलूप लागले, तिथे बऱ्याचदा कुणी बघितले नाही. आपल्या गावातल्या जुन्या मशिदी, दर्गे, वाडे यांचेही हेच आहे. शाळेची सहल हैदराबादला न्याल तेव्हा चारमिनारवरून परत फिरू नका. पोरांना मकबऱ्यांपर्यंत न्या, त्या जाळ्या वहीत काढायला लावा. भूमितीचा एक तास तिथेच होऊन जाईल.