न उघडता कसं कळणार?

घरातल्या साठीपुढच्या पुरुषांचे पीएसएचे रिपोर्ट हल्ली पीडीएफ होऊन आपल्या फोनवर येतात. आकड्यापुढे लाल बाण दिसला की घर हादरतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे मला प्रश्न पडला, हे आकडे आले कुठून?

प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. कॅन्सर तिच्या आतच असेल, तर ती काढून माणूस बरा होऊ शकतो. बाहेर पसरला असेल, तर नुसतं ऑपरेशन अनेकदा पुरत नाही. वर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाण्याचा धोका. म्हणजे सगळं अवलंबून आहे ऑपरेशनआधीच्या अंदाजावर.

1904 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ह्यू हॅम्पटन यंग यांनी कॅन्सरसाठी अख्खी ग्रंथी काढली, तेव्हा अंदाजाचं मुख्य साधन होतं डॉक्टरचं बोट. गुदद्वारातून ते ग्रंथीच्या मागच्या बाजूपर्यंतच पोचतं. गाठ बोटाला लागेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असे.

1960च्या दशकात मिनिआपोलिसच्या डोनाल्ड ग्लीसन या पॅथॉलॉजिस्टने सुटी पेशी बघण्याऐवजी पेशींची मांडणी बघितली. मांडणी जितकी विस्कटलेली, तितका आकडा मोठा, 1 ते 5. सगळ्यात जास्त आढळणाऱ्या दोन मांडण्यांची बेरीज म्हणजे ग्लीसन स्कोअर. 3+4 आणि 4+3 दोन्ही सातच, पण दुसरा जास्त धोक्याचा.

1980च्या दशकात पीएसए ही रक्ततपासणी आली. पण पीएसए निरोगी ग्रंथीही बनवते. वयाने ग्रंथी वाढली किंवा जंतुसंसर्ग झाला तरी तो चढतो.

बोट, बायोप्सी, रक्त. तिन्ही खुणा एकेकट्या कच्च्या. 1993 मध्ये हॉपकिन्सच्याच अ‍ॅलन पार्टिन आणि सहकाऱ्यांनी त्या एकत्र केल्या. ऑपरेशनआधीच्या तिन्ही नोंदी आणि काढलेल्या ग्रंथीत प्रत्यक्ष काय सापडलं, हे त्यांनी जुळवून पाहिलं. 1997 च्या सुधारित तक्त्यांमागे 4133 पुरुषांच्या नोंदी होत्या. तक्ता 'हो' किंवा 'नाही' म्हणत नाही, शक्यता सांगतो. समजा 'आतच असण्याची शक्यता 80 टक्के' आली. तर अशाच शंभर जणांपैकी वीस जणांचा कॅन्सर बाहेर पडलेला निघेल. आपण त्या वीसात आहोत का, हे तक्ता सांगू शकत नाही.

न्यू यॉर्कच्या विलेट व्हिटमोर यांचा प्रश्न आणखी अवघड होता. 1956 मध्ये त्यांनी या आजाराच्या ए, बी, सी, डी अशा पायऱ्या ठरवल्या होत्या. पुढे ते विचारत राहिले: ज्याला बरं करता येतं, त्याला उपचारांची गरज तरी असते का? अनेक गाठी इतक्या हळू वाढतात, की माणूस दुसऱ्याच कारणाने जातो. खुद्द व्हिटमोर 1995 मध्ये प्रोस्टेट कॅन्सरनेच गेले.

हा प्रश्न अखेर आकड्यांपर्यंत पोचला. बायोप्सीत सहाहून कमी ग्लीसन स्कोअर आता सहसा देतच नाहीत, पण रुग्णाला दहापैकी सहा म्हणजे मधला वाटायचा. 2014 मध्ये तज्ज्ञांनी त्याच सहाला 'ग्रेड ग्रुप 1' म्हणायचं ठरवलं, पाचपैकी सगळ्यात सौम्य. अशा अनेकांना आता लगेच ऑपरेशन न करता पीएसए, एमआरआय आणि अधूनमधून बायोप्सी करत नजरेखाली ठेवतात.

म्हणून रिपोर्टमधला लाल बाण हा निकाल नाही. पुढची तपासणी नीट करा, एवढंच तो सांगतो.