स्मिथ, जॉन टॉमस
(१८१६–१८७९). ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराचा सात वेळा निवडून आलेला महापौर. जन्म सिडनीत, वडील चांभारकाम करणारे. १८३७ साली तो नव्याने वसत असलेल्या मेलबर्नला आला, तो आदिवासी मुलांसाठी चालवलेल्या मिशन शाळेत दुय्यम शिक्षक म्हणून. शिक्षकी त्याला फार काळ मानवली नाही. त्याने दुकान थाटले, पाठोपाठ दारूगुत्त्याचा परवाना मिळवला आणि १८४५ मध्ये क्वीन्स थिएटर उभारले. ज्या गावात करमणुकीची साधने जवळपास नव्हतीच, तिथे गल्ला कशाने भरतो हे त्याने अचूक हेरले होते.

१८४२ च्या पहिल्या नगरपरिषदेवर तो निवडून गेला आणि मरेपर्यंत तिथून हलला नाही. १८५१ मध्ये प्रथम महापौर झाला. त्याच वर्षी व्हिक्टोरियात सोने सापडले, लोकांचे लोंढे आले आणि पाणी, रस्ते, बंदोबस्त सारेच तोकडे पडू लागले. पुढे तो व्हिक्टोरिया वसाहतीच्या विधिमंडळात बसला, काही काळ खाणमंत्रीही होता. पांढरी उंच टोपी आणि तोंडात मातीची चिलीम ही त्याची ओळख. प्रतिष्ठितांनी नाके मुरडली तरी मतदारांना तो आपला वाटे. १८५८ मध्ये ब्रिटिश राजकन्येच्या विवाहानिमित्त शहराचे अभिनंदनपत्र घेऊन तो लंडनला गेला. ‘सर’ किताबाची आशा होती, पण हात हलवत परतावे लागले. मेलबर्नच्या क्वीन स्ट्रीटवरील त्याचे तीन मजली घर अद्याप उभे आहे.