दप्तर आणि दप्तरदार

शाळकरी मुलाच्या पाठीवरचं दप्तर आणि घटसर्पाचं डॉक्टरी नाव डिप्थेरिया, हे दोन्ही शब्द एकाच कुळातले. ग्रीक भाषेत ‘दिफ्थेरा’ म्हणजे कमावलेलं कातडं. आयोनियातले ग्रीक लोक पुस्तकांनाही कातडीच म्हणत, असं हिरोडोटसने नोंदवलंय. पपायरसच्या टंचाईत ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत. घशात चामड्यासारखा पापुद्रा धरतो, म्हणून १८२६ साली ब्रेतोनो या फ्रेंच डॉक्टरने रोगाला त्यावरूनच नाव दिलं.

हाच ग्रीक शब्द फारसीत ‘दफ्तर’ झाला, नोंदवही या अर्थाने. हिंदीत त्याचं ऑफिस झालं. मराठीने मात्र कागदांची संगत सोडली नाही: नोंदी, त्यांचे गठ्ठे, गठ्ठे ठेवायची जागा, सगळं दप्तरच. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद कापडात बांधलेले असतात आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. रियासतकार सरदेसाईंनी त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० पासून छापून निघाले.

मला मोलाचे वाटतात ते या घराण्यातले प्रत्यय. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्यावरून चिटणीस, पारसनीस. ‘दार’ म्हणजे बाळगणारा, त्यावरून दप्तरदार. लिहिणारा वेगळा, सांभाळणारा वेगळा, ही वाटणी भाषेतच मुरलेली आहे.

वाढत्या धंद्यात नेमकी तीच विसरली जाते. भोसरीतला एखादा जॉबवर्कचा कारखाना घ्या. माणसं वाढली, ड्रॉइंगं दहा कॉम्प्युटरांवर विखुरली, की मालक ‘नॅस’ घेतात: नेटवर्कला जोडलेली, आत दोन-चार डिस्क असलेली पेटी. फायली एका जागी येतात, हे फार चांगलं. पण बसवताना घाई असते, म्हणून सगळ्यांना सगळं खुलं ठेवतात. मग कुणीतरी सुधारित ड्रॉइंगवर जुनंच सेव्ह करतो आणि लेथवर जुन्या मापाचा माल निघतो. खरं तर प्रत्येक फोल्डरला वाचण्याचा आणि लिहिण्याचा हक्क वेगवेगळा देता येतो. डिझाइनवाले नवीस, शॉपफ्लोअरला वाचणं पुरे.

दुसरी गफलत ‘रेड’ची (RAID), म्हणजे पेटीतल्या डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धतीची. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कात्झ यांनी स्वस्त डिस्कांचा जथा वापरून भरवसा कसा मिळवावा ते मांडलं. त्या नावातल्या ‘आय’चा अर्थ तेव्हा ‘स्वस्त’ होता. पुढे कंपन्यांनी तो ‘स्वतंत्र’ करून घेतला. आरशासारखी जोडी लावली, तर चार टेराबाइटच्या दोन डिस्कांत जागा चारच मिळते, आणि एक बंद पडली तरी काम थांबत नाही. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून त्याच क्षणी जाते. खंडणीखोर व्हायरसने कुलूप घातलं, तर तेही दोन्हींवर. रेड म्हणजे बॅकअप नव्हे.

तेव्हा पेटी घेतलीत की आधी एका माणसाला दप्तरदार नेमा, आणि दर आठवड्याची नक्कल दुसऱ्या इमारतीत, नेटवर्कपासून तोडून ठेवायला त्याला सांगा.