सांकेबेत्सूचं अस्वल

आजचा एपिसोड रात्री एकट्याने ऐकत असाल, तर निदान दिवा लावून ऐका. गोष्ट जपानमधली आहे. होक्काइडो बेट, डिसेंबर १९१५.

सांकेबेत्सू ही मुख्य बेटावरून आलेल्या शेतकऱ्यांनी जंगल तोडून उभारलेली वस्ती. गवत-पेंढ्याच्या भिंतींची मूठभर घरं. नोव्हेंबरात एक भलंमोठं तपकिरी अस्वल वाळत टांगलेला मका खायला येऊ लागलं. लोकांनी गोळी घातली, ते जखमी होऊन पळालं. थंडीत झोपायला गुहाच न मिळालेल्या अशा अस्वलाला तिकडे ‘आनामोताझु’ म्हणतात. भुकेलं आणि चिडलेलं.

९ डिसेंबरला ते ओता कुटुंबाच्या घरात शिरलं. एक लहान मुलगा जागीच गेला, बाईला त्याने जंगलात ओढून नेलं. दुसऱ्या दिवशी माणसं शोधायला निघाली. पाच बंदुका होत्या, ऐन वेळी उडाली एकच! पण बर्फात पुरलेला मृतदेह सापडला आणि तो घरी आणला.

इथे जरा थांबूया. यूट्यूबवर या अस्वलाला सरळ ‘राक्षस’ करून टाकतात, मला ते पटत नाही. अस्वल शिकार पुरून ठेवतं ते नंतर खायला, आणि ती कोणी नेली तर मागावर येतं. गावाच्या दृष्टीने ते आपलं माणूस होतं, अंत्यसंस्कार करायलाच हवे होते. अस्वलाच्या दृष्टीने ती चोरी होती.

त्याच रात्री मृतदेहाशेजारी माणसं बसलेली असताना ते भिंत फोडून आत आलं. तिथे कोणी मेलं नाही. पण बातमी कळताच राखणदार तिकडे धावले आणि खाली मियोके यांच्या घरात जमवलेल्या बायका-मुलांजवळ जवळजवळ कोणीच उरलं नाही. अस्वल तिथेच पोचलं. एकूण सहा माणसं गेली. त्यातली एक बाई गरोदर होती, म्हणून आकडा सात सांगतात.

पुढे पोलिसांनी मृतांच्या घरच्यांना विचारून मृतदेहच आमिष म्हणून ठेवले. विचार करा, ‘हो’ म्हणताना काय झालं असेल! अस्वल जवळ आलं, संशयाने परत फिरलं. १४ तारखेला यामामोतो हेइकिची या मुरलेल्या शिकाऱ्याने दोन गोळ्यांत ते पाडलं. वजन सुमारे ३४० किलो.

हे तपशील आपल्याला कळतात ते वन खात्यातल्या किमुरा मोरिताके यांच्यामुळे. १९६० च्या दशकात त्यांनी वाचलेल्यांना शोधून, बोलतं करून सगळं लिहून घेतलं.

वस्ती नंतर ओस पडली. गावप्रमुखाचा मुलगा ओकावा हारुयोशी तेव्हा लहान होता. एका मृतामागे दहा अस्वलं मारीन, अशी शपथ त्याने घेतली. म्हातारपणापर्यंत त्याने १०२ मारली, मग बंदूक ठेवली आणि गेलेल्यांसाठी स्मारक उभारलं.