त्रिरश्मीची चढण आणि पायथ्याची पेठ

नाशिकच्या नैर्ऋत्येला, मुंबई-आग्रा महामार्गाला लागूनच पांडवलेण्यांचा डोंगर आहे. जुन्या लेखांतला हाच त्रिरश्मी पर्वत. पायऱ्या चढून दमछाक झाली, वारा लागला आणि 24 लेण्यांची रांग समोर आली की वाटते, संसाराकडे पाठ फिरवलेल्या भिक्खूंनी माणसांपासून लांब राहायचे म्हणूनच ही जागा निवडली असणार. लेण्यांच्या भिंतींवरचा मजकूर मात्र या समजुतीला दुजोरा देत नाही. माझ्या मते ही चढण गावाशी नाते तोडण्यासाठी नव्हतीच. वर निवांतपणा मिळावा आणि खालच्या पेठेशी व्यवहारही चालू राहावा, एवढ्याच बेताची ती होती.

सर्वांत भक्कम पुरावा क्रमांक 10 च्या लेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे संघाला दिले आणि त्यासोबत 3000 कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, कायम ठेव ठेवली. ती कुठे ठेवली, हे महत्त्वाचे. खाली गोवर्धन नावाच्या वस्तीत विणकरांच्या श्रेणी, म्हणजे व्यावसायिकांचे संघ, होते. त्यांतल्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसरीकडे 1000 दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे होते. हिशेब करून पाहा: 2000 चे वर्षाचे व्याज 240, आणि 20 भिक्खूंचे प्रत्येकी 12 म्हणजेही 240. एक कार्षापण इकडचा तिकडे होत नाही. हे दान निगमसभेत जाहीर करून रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवले, असेही लेख सांगतो. म्हणजे वरच्या भिक्खूच्या अंगावरचे वस्त्र खालच्या मागांच्या बरकतीवर अवलंबून होते. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी अशाच ठेवी ठेवल्या. त्या स्वीकारणाऱ्यांत तेल गाळणाऱ्यांची श्रेणीही होती.

यावर कोणी म्हणेल, डोंगर निवडला तो कातळासाठी. लेणी कोरायची तर दुसरीकडे जाणार कुठे? पण सह्याद्रीत कातळाला काय तोटा? वस्तीपासून कोसोकोस दूर, याहून दुर्गम कडे शेकड्यांनी आहेत. ते सोडून कोकणातून थळ घाटाने वर येणाऱ्या वाटेजवळचा आणि गोवर्धनाच्या शेजारचा डोंगर निवडला गेला. विहार गावापासून फार दूर नसावा आणि फार जवळही नसावा, असे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, विनयपिटकातच, सांगितले आहे. भिक्षेसाठी रोज उतरायचे आणि ऊन चढण्याआधी परतायचे, तर दुसरा पर्याय नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: लेख कोरतात श्रीमंत आणि राजेरजवाडे, त्यावरून सामान्यांचे नाते कसे ठरवणार? हे काही अंशी खरेच आहे. नुसते दर्शनाला चढून गेलेल्यांनी नावे मागे ठेवली नाहीत. तरीही क्रमांक 18 च्या चैत्याच्या दारावरचे दान राजाचे नसून धंभिक गावाचे आहे. एका लेण्याचा दाता मुगुदास हा अभ्यासकांच्या मते मासेमारी करणारा होता.

आणि राजाचा लेखही पाहा. गौतमीपुत्र सातकर्णीने कखडी गावातले शेत इथल्या भिक्खूंना दिले होते. राज्यवर्ष 24 मधल्या आज्ञेत तो आणि राजमाता मोकळेपणाने सांगतात की ते गाव ओस पडले आहे, शेत कसले जात नाही. म्हणून नगराच्या शिवेवरचे सरकारी शेत, 100 निवर्तने (जमिनीचे जुने माप), भिक्खूंना द्यावे. राजाचा शब्द होता, शिलालेख होता, पण गावात नांगर धरायला माणूस नाही म्हटल्यावर त्या दानाचे मोल शून्य. खालची वस्ती हलली की वरच्या विहाराची चूल कशी अडते, हे याहून स्पष्ट कोणी सांगितलेले नाही.

म्हणून पांडवलेण्यांना जाल तेव्हा बुद्धमूर्तींपुढे हात जोडून लगेच परतू नका. क्रमांक 10 च्या ओवरीत, खोल्यांच्या दारांवरच्या भिंतीकडे नजर टाका. विणकरांच्या व्याजाचा तो हिशेब तिथेच कोरलेला आहे. सोबत मुले असतील तर त्यांना 240 चे गणित तिथेच करायला सांगा.