घराखाली बांधलेलं घर : मिलवॉकी शहराची गोष्ट



घर बांधायला काढलं की आपण म्हणतो, आधी चार खण उभे करू, पैसा आला की वर माडी चढवू. अमेरिकेतल्या एका शहरात मात्र गरीब माणसांनी घर खालच्या अंगानं वाढवलं. उभं घर जॅक लावून उचललं आणि त्याच्या पोटाखाली दुसरं घर बांधलं. त्या शहराचं नाव मिलवॉकी. आज त्या घरांची आणि ती बांधणाऱ्या माणसांची हकीकत सांगते.

मिलवॉकी अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात, विस्कॉन्सिन राज्यात आहे. शेजारी मिशिगन सरोवर. सरोवर कसलं, समुद्रच म्हणा. पलीकडचा काठ दिसत नाही. या शहराचं जुनं टोपणनाव ‘क्रीम सिटी’. विस्कॉन्सिन दूधदुभत्याचं राज्य, म्हणून हे नाव दुधाच्या साईवरून पडलं असेल असं वाटतं. पण ते पडलं विटांवरून. तिथल्या मातीत चुन्याचा अंश जास्त, त्यामुळे वीट भाजल्यावर लाल होत नाही, फिकट पिवळी निघते. जुनी चर्च, कारखाने, घरं या साईच्या रंगाच्या विटांची आहेत.

एकोणिसाव्या शतकात इथं आधी जर्मन लोक आले आणि १८७० नंतर पोलिश लोक मोठ्या संख्येनं आले. त्या वेळी पोलंड नावाचा देश नकाशावर उरलाच नव्हता. प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. मिलवॉकीत आलेले बहुतेक जण प्रशियाच्या ताब्यातल्या भागातले. तिथं पोलिश माणसाच्या पायाखालची जमीन सरकत होती. १८८६ साली प्रशिया सरकारनं पोलिश मालकांच्या जमिनी विकत घेऊन तिथं जर्मन शेतकरी वसवायला खास आयोग नेमला. १९०४ साली नव्या घराला परवानगी हवी असा कायदा झाला, आणि ती पोलिश माणसाला मिळेना. मिहाऊ द्झिमावा नावाच्या शेतकऱ्यानं स्वतःच्या जमिनीवर घर बांधायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. तेव्हा तो चाकांच्या गाडीत राहायला लागला. एका जागी गाडी उभी राहिली तर सरकार तिला घर ठरवणार, म्हणून तो ती रोज थोडी सरकवायचा. जमीन आपली, पण छप्पर घालायची मुभा नाही! अशा मुलखातून आलेल्या माणसांना स्वतःच्या घराची किती ओढ असेल, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

मिलवॉकीच्या दक्षिण भागात ही मंडळी वसली. पुरुष लोखंडाच्या, कातड्याच्या कारखान्यांत राबायचे. मजुरी तुटपुंजी. पण वस्तीत त्यांनी बचत-कर्ज मंडळ्या काढल्या. त्यांना ते ‘स्कार्ब’ म्हणत, म्हणजे खजिना. सभासदानं ठरलेल्या दिवशी थोडे थोडे पैसे भरायचे आणि जमलेल्या पैशातून घरासाठी कर्ज द्यायचं. आपल्या गटाच्या बैठकीत बसणाऱ्या बाईला ही रीत ओळखीची वाटेल.

साधारण ३० फूट रुंदीच्या अरुंद जागेवर आधी चार खोल्यांचं लाकडी घर उभं राही. काही वर्षांनी पैसे साठले की खाली तुळया घालून, जॅकनं सगळं घर हळूहळू वर घ्यायचं. लाकडी सांगाडा हलका, म्हणून हे जमायचं. मग खाली थोडं खणून विटांच्या भिंती उभारायच्या आणि घर त्यावर टेकवायचं. खालचं घर अर्धं जमिनीत, अर्धं वर. रस्त्यावरून एक जिना वर जातो, चार पायऱ्या खाली उतरतात. याला ‘पोलिश फ्लॅट’ म्हणतात. एका मजल्यावर भाडेकरू नाहीतर नुकतेच आलेले नातेवाईक. भाड्यातून कर्जाचे हप्ते जायचे. परसात भाजीपाला असायचा. भाडेकरूंचं रांधणं, धुणं बायकाच करायच्या. कर्ज नवऱ्याच्या नावावर असलं तरी ते फिटायचं दोघांच्या कष्टांतून.

हा मार्ग सोपा नव्हता. मे १८८६ मध्ये दिवसाला आठच तास काम मागत हजारो मजूर संपावर गेले. ५ मे रोजी बे व्ह्यू भागातल्या कारखान्याकडे निघालेल्या जमावावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. किमान सात जण मेले, त्यात शाळकरी वयाचा एक मुलगा होता. मोर्चात पोलिश मजूर मोठ्या संख्येनं होते.

तरी या वस्तीची हिंमत पाहा. शिकागोचं जुनं पोस्ट ऑफिस पाडलं गेलं, तेव्हा त्याचा दगड, खांब, कठडे या लोकांनी २०,००० डॉलरला घेतले, सुमारे ५०० रेल्वे वाघिणींतून आणले आणि १९०१ साली त्यातून सेंट जोसाफत हे प्रचंड घुमटाचं चर्च पुरं केलं. त्याचं कर्ज फेडायला मजूर कुटुंबांना १९२५ साल उजाडलं.

पण गोष्ट इथं संपवली तर ती अर्धीच राहील. विसाव्या शतकात दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय लोक कामासाठी मिलवॉकीत आले. त्यांना शहराच्या उत्तरेकडच्या ठरावीक वस्तीबाहेर कुणी घर विकेना, भाड्यानंही देईना. १९५६ साली वेल फिलिप्स नगर परिषदेवर निवडून आल्या. त्या परिषदेतल्या पहिल्या महिला आणि पहिल्या कृष्णवर्णीय सदस्य. १९६२ साली त्यांनी ठराव मांडला : वर्ण पाहून कुणाला घर नाकारता येणार नाही. ठरावाच्या बाजूनं मत पडलं एकच, त्यांचं स्वतःचं. विरोधात अठरा. त्यांनी तो पुन्हा मांडला, पुन्हा पडला. तरी त्या मांडत राहिल्या.

शेवटी २८ ऑगस्ट १९६७ रोजी तरुण मुलंमुली सोळाव्या रस्त्याच्या लांब पुलावरून दक्षिणेकडे मोर्चानं निघाली. सोबत फादर जेम्स ग्रोपी, त्याच दक्षिण भागात वाढलेले गोरे धर्मगुरू. हा पूल आफ्रिका आणि पोलंडला जोडतो, अशी शहरात थट्टा चालायची. पलीकडे हजारोंचा जमाव उभा होता. दगड, बाटल्या, शिव्या यांचा मारा झाला. ज्यांच्या मुलखात घर बांधायची परवानगी नाकारली जात होती, त्यांचीच मुलंनातवंडं त्या जमावात होती. मोर्चा मात्र थांबला नाही. सलग २०० रात्री निघाला, कडाक्याच्या थंडीतही. एप्रिल १९६८ मध्ये देशाचा कायदा झाला आणि त्याच महिन्यात मिलवॉकीनंही तो ठराव मंजूर केला. आता त्या पुलाला ग्रोपींचं आणि एका रस्त्याला वेल फिलिप्स यांचं नाव आहे.

आज मिलवॉकी राहायला आवडतं असं सांगणारे पुष्कळ आहेत. सरोवराचा काठ बराचसा सार्वजनिक बागांसाठी राखलेला, घरापुढे बसायला ओसरी, चालत जाण्याजोगं दुकान. जुन्या पोलिश फ्लॅटमध्ये आता बरीच मेक्सिकन मुळाची कुटुंबं राहतात. वर एक घर, खाली एक घर, तीच रीत. पण कायदा झाला तरी काळ्या-गोऱ्यांच्या वस्त्या अजून बऱ्याच वेगळ्या आहेत.

मैत्रिणींनो, बचतीतून घर उभं राहतं हे आपल्याला ठाऊक आहे. या आठवड्याच्या बैठकीत दोन गोष्टी बोलूया. एक, आपल्या कष्टाच्या घराच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का? आणि दुसरी, जी बोलायला जड जाते : आपल्या गल्लीत एकट्या बाईला, किंवा वेगळ्या जातीधर्माच्या कुटुंबाला, खोली भाड्यानं मिळते का? आपल्याकडे खोली असेल, तर आपण देतो का?